मोत्याची परीक्षा

शिरूरला घोड नदीच्या किंवा दौंडला भीमेच्या काठी शिंपला सापडला, तर तो आतून पाहा. तो चकचकीत थर म्हणजेच मोत्याचे द्रव्य: कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म चकत्या व त्यांना सांधणारी प्रथिने.

नथीतला मोती दातावर घासून पारखतात. खरखरीत लागला, तर तो काचेचा नाही एवढेच कळते. नैसर्गिक व संवर्धित मोती दोन्ही शिंपल्यातच वाढतात, म्हणून दोन्ही खरखरीत लागतात.

मग फरक कोठे? सुरुवातीत. निसर्गात इजेमुळे शिंपल्याच्या प्रावरणातील पेशी आत सरकतात. संवर्धनात माणूस प्रावरणाचा तुकडा आत बसवतो; समुद्री मोत्यात बहुधा गोल मणीही. ही आतली रचना क्ष-किरणांनी दिसते.

संवर्धित मोती खोटा नव्हे. पण नैसर्गिक म्हणून चढा दर सांगितला, तर प्रयोगशाळेचा दाखला मागावा.