मांजरा-गोदावरी खोऱ्यातील पर्जन्य : अवर्षण आणि अतिवृष्टी यांचे एक मूळ

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिल रोजी पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लक्ष लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी सुमारे २५ लक्ष लिटर पाणी आणू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस लातूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले आणि कोरड्या पडलेल्या मांजरा धरणात मोठा साठा झाला. अवघ्या सहा महिन्यांत एकाच भूमीने दोन्ही टोके पाहिली. हा केवळ दैवयोग मानणे शास्त्राला धरून होणार नाही. या दोन्ही आपत्तींचे मूळ येथील पावसाच्या घडणीतच आहे.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीवर चढताना आपली बरीचशी आर्द्रता घाटमाथ्यावर सोडतात. पूर्वेकडे उतरताना हवा दबते, तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता घटते. हीच पर्जन्यछाया होय. मराठवाड्याचा पश्चिम भाग या छायेत येतो. पूर्वेकडे जावे तसतशी बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांची मदत वाढत जाते. म्हणूनच लातूरपेक्षा नांदेड जिल्ह्यात, आणि नांदेडातही किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात, पाऊस सामान्यतः अधिक पडतो.

कोकणातील पावसाला डोंगराचा नित्य आधार असतो. मराठवाड्यात तसा आधार नाही. येथे हवेला वर चढविण्याचे कार्य मुख्यतः तापलेली जमीन आणि जाणारी-येणारी कमी दाबाची क्षेत्रे यांना करावे लागते. मृगाच्या आधीचा वळीव हे पहिल्या प्रकाराचे, तर उत्तरा-हस्त नक्षत्रांतील मोठा पाऊस हे पुष्कळदा दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण होय. परिणाम असा की, वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा थोड्याच दिवसांत, किंबहुना थोड्याच तासांत पडतो. ती मोजकी वादळे खोऱ्याला चुकवून गेली तर अवर्षण येते. तीच एका ठिकाणी एकवटली तर महापूर येतो.

वादळी ढगाला शक्ती कोठून मिळते, हे येथे पाहिले पाहिजे. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस थंड होते. बाष्पाचे जलबिंदू होऊ लागले की दर किलोग्रॅममागे सुमारे २५ लक्ष जूल सुप्त उष्णता मोकळी होते. त्यामुळे चढती हवा सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी वर जाते. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडण्याइतके बाष्प सांद्र होताना जी उष्णता सुटते, ती सुमारे ७ लक्ष युनिट विजेइतकी भरते. यावरून मोठ्या मेघातील शक्तीची कल्पना यावी.

गारपिटीचे स्पष्टीकरणही यातच आहे. ऊर्ध्वप्रवाह जोराचा असला की जलबिंदू शून्य अंशाच्या पातळीच्या पुष्कळ वर नेले जातात व तेथे न गोठता अतिशीत अवस्थेत राहतात. एखाद्या हिमकणावर असे बिंदू आदळून गोठू लागले की गार वाढते. तिचे वजन प्रवाहाला पेलेनासे झाले म्हणजे ती खाली येते. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी उंच असल्यामुळे गारा वाटेतच बहुधा वितळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी खाली असते. अशा वेळी उत्तरेकडील पश्चिमी विक्षोभाचा द्रोण दक्षिणेपर्यंत उतरला, वर थंड हवा आली आणि खाली समुद्रांवरील आर्द्र वारे मिळाले, तर भीषण गारपीट संभवते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात असेच घडले. काढणीला आलेली ज्वारी, हरभरा व फळबागा मराठवाड्यातही उद्ध्वस्त झाल्या.

याच मेघांत हिमकणांच्या टकरींमुळे विद्युद्भार विलग होतात आणि वीज कोसळते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तिनाने भागले असता तिचे अंतर स्थूलमानाने किलोमीटरमध्ये मिळते. तथापि गडगडाट ऐकू येतो इतके जवळ वादळ असणे हाच धोका होय. उघड्या शिवारात झाडाचा आश्रय घेणे घातक ठरते.

अतिवृष्टीविषयी बोलताना संज्ञांची काटेकोर योजना हवी. १८ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात मोठी अतिवृष्टी झाली. हसनाळ, रावणगाव आदी गावांत पाणी शिरले आणि मनुष्यहानी झाली. लोकांच्या बोलण्यात अशा प्रसंगाला सर्रास ढगफुटी म्हटले जाते. भारतीय हवामान खात्याच्या परिभाषेत मात्र लहानशा क्षेत्रावर एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडला तरच ती ढगफुटी ठरते. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. चोवीस तासांच्या बेरजेवरून ढगफुटी झाली की नाही, हे ठरविता येत नाही. त्यासाठी तासागणिक नोंद करणारे पर्जन्यमापकच हवेत.

पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. येथील काळी माती ओली होताच फुगते, तिच्या भेगा मिटतात व पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. तिच्याखालचा काळा पाषाण सच्छिद्र नाही. पाणी साठते ते मुख्यतः त्याच्या सांध्यांत, भेगांत आणि झिजलेल्या थरांत. म्हणून चार तासांत पडलेले १०० मिलिमीटर बरेचसे वाहून जातात. तेच पंधरा दिवसांत पडले तर पिकांना व विहिरींना लाभतात. धरणातील साठ्यातूनही उन्हाळ्यात बाष्पीभवनाने मोठी घट होते.

आता आगगाडीच्या हिशेबाकडे पुन्हा वळावे. एक हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. म्हणजेच ५० वाघिणींतील २५ लक्ष लिटर पाणी हे केवळ २५० हेक्टरांवरील एका मिलिमीटर पावसाएवढे होते. सुमारे ३४० किलोमीटरांवरून जे आणावे लागले, ते एका मध्यम गावाच्या शिवारावरील हलक्याशा सरीइतके होय.

यास्तव या प्रदेशाचे जलनियोजन वार्षिक सरासरीवर आधारणे अपुरे ठरते. पावसाची तीव्रता, दोन पावसांतील खंड आणि मातीची शोषणक्षमता यांचा गावोगाव एकत्र अभ्यास झाला, तरच पुराचे पाणी उन्हाळ्यापर्यंत राखता येईल. मराठवाड्यातील संशोधकांपुढील हे कार्य केवळ विद्येचे नाही, लोकांच्या जीविताचे आहे.