स्वित्झर्लंडची तटस्थता : घरातली आणि बाहेरची

स्वित्झर्लंडच्या कायमस्वरूपी तटस्थतेला युरोपातल्या बड्या सत्तांनी १८१५ मध्ये मान्यता दिली. देशात जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा नांदतात. फ्रान्स-जर्मनीच्या भांडणात एकाची बाजू घेतली असती, तर घरातच फूट पडली असती. म्हणून स्विस माणसाला तटस्थता हे निव्वळ धोरण वाटत नाही, ती त्याची ओळख आहे. जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक तिच्या बाजूने ठाम कौल देतात.

बाहेर मात्र तिच्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि तो संशय निराधार नाही. दुसऱ्या महायुद्धात स्विस राष्ट्रीय बँकेने नाझी जर्मनीकडून सोने विकत घेतले. त्यात व्यापलेल्या देशांतून लुटलेले सोनेही होते. ऑगस्ट १९४२ मध्ये सीमा बंद करून ज्यू निर्वासितांना माघारी धाडण्याचे आदेश निघाले. याची सखोल चौकशी करणारा आयोग नेमला गेला तो थेट १९९६ मध्ये. इतका उशीर अक्षम्यच म्हणावा लागेल.

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडने रशियावर युरोपीय संघाचे निर्बंध लागू केले, तेव्हा मॉस्कोने त्याला तटस्थ मानणे सोडले. त्याच वर्षी ‘गेपार्ड’ या विमानवेधी तोफगाड्यांचा स्विस बनावटीचा दारूगोळा युक्रेनला देण्याची जर्मनीची विनंती बर्नने फेटाळली. त्यावर बर्लिनही नाराज झाले.