ईस्ट ग्रिनिचच्या दप्तरातील मुंबई

गिरगावातील जुन्या घरमालकांच्या कागदपत्रांची गाठोडी सोडली असता ‘पेन्शन अँड टॅक्स’, ‘फोरास’, ‘फजेंदारी’ असे जे शब्द हाती लागतात, त्यांचा अर्थ वकिलाखेरीज कोणास विचारण्याची सोय आता उरलेली नाही. आणि वकीलही बहुधा अर्थाच्या आधी फी सांगतो. तथापि या शब्दांचा माग काढीत निघालेला जिज्ञासू पोर्तुगीज अमदानी ओलांडून अखेरीस इंग्लंडातील केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रिनिच नावाच्या एका शाही जहागिरीपाशी येऊन थबकतो, आणि तेथे मुंबईचे एक अनपेक्षित भाऊबंद त्यास भेटते.

२७ मार्च १६६८ रोजी दुसऱ्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीस मुंबई बेटाची जी सनद दिली, तीत हे बेट ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीचाच एक भाग असल्याप्रमाणे कंपनीने धारण करावे आणि दरसाल ३० सप्टेंबर रोजी सोन्याच्या रूपाने दहा पौंड खंड भरावा, असा करार आहे. माहीम-वरळीच्या कोळ्यांचा, परळ-शिवडीच्या आगऱ्यांचा आणि गिरगावच्या माडांवर चढणाऱ्या भंडाऱ्यांचा थेम्सकाठच्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न कोणासही पडेल. संबंध केवळ लेखनिकाच्या सवयीचा होता. लष्करी चाकरीचे ओझे नसलेली, ठरीव खंडाची जमीनधारणा सांगण्यास राजाच्या मुनशांना हा साचा सोयीचा वाटे. १६०६ साली व्हर्जिनियाची आणि १६२९ साली मॅसॅच्युसेट्स उपसागराची सनद त्यांनी याच साच्यात ओतली होती. मात्र मॅसॅच्युसेट्सकडून राजाने मागितला तो तेथे सापडेल त्या सोन्याचांदीच्या खनिजाचा पाचवा हिस्सा. कागदोपत्री पाहता बोस्टन आणि मुंबई ही एकाच जहागिरीची दोन गावे ठरतात.

पण मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याकडे निघालेली माणसे निराळी होती. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून गेलेल्या १०२ उतारूंपैकी बरेचजण राजमान्य चर्चशी उघड फारकत घेतलेले होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांतील जवळजवळ निम्मे मेले. १६३० साली जॉन विन्थ्रॉपबरोबर निघालेला मोठा जथा, चर्चमध्ये राहूनच त्याची शुद्धी करू पाहणाऱ्या प्युरिटनांचा. त्यांनी बायकामुले बरोबर घेतली आणि मूळ सनददेखील पेटीत घालून नेली, जेणेकरून कंपनीची सभा लंडनऐवजी समुद्रापलीकडे भरावी! व्यापारी कंपनीचे असे गुपचूप राज्यात रूपांतर करण्याची ही हिकमत पेशवाईतल्या एखाद्या कारभाऱ्यालाही सुचती ना.

जमिनीविषयीचे त्यांचे तर्कशास्त्र अधिक विचार करण्याजोगे आहे. ज्यांनी कुंपण घातले नाही, कायमची वस्ती केली नाही, त्यांचा भूमीवर केवळ नैसर्गिक हक्क, दिवाणी हक्क नव्हे, असे विन्थ्रॉपचे प्रतिपादन होते. शिवाय १६१६ ते १६१९ च्या साथीने किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांची गावेच्या गावे ओस पडली होती. मेफ्लॉवरवाल्यांची प्लिमथची वसाहत उभी राहिली तीच मुळी पटक्सेट नावाच्या एका उजाड गावठाणावर. तेथील मृत्यूत या धर्मशील मंडळींना ईश्वरी संकेत दिसला. साथीच्या रोगाला सातबाऱ्याचे काम करावयास लावणारी ही श्रद्धा, असे म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

मुंबईत नेमके उलट घडले. चार्ल्स राजाचा पोर्तुगीज राजकन्येशी विवाह ठरला त्या १६६१ च्या तहाने बेट मिळाले, पण गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय ते देईना. सर अब्राहम शिपमनचे चारपाचशे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर रोगाने मरत राहिले, शिपमनही तेथेच वारला, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला तेव्हा शंभराच्या आसपास माणसे उरली होती. मरण तिकडेही होते नि इकडेही. पण इकडे ते परक्यांच्या वाट्याला आले, आणि जमीन ओस नव्हती. कंपनीने शिपायांचे संसार मांडण्यासाठी विलायतेहून बायका धाडून पाहिल्या. त्याने वसाहत काही रुजली नाही.

म्हणून जेराल्ड आंजियरला करार करावा लागला. १६६९ पासून सुरतेचा प्रेसिडेंट नि मुंबईचा गव्हर्नर असलेल्या या गृहस्थाच्या पत्रांतून, ईश्वराच्या साहाय्याने येथे शहर वसवावयाचे आहे अशी जी भाषा येते, ती विन्थ्रॉपच्या तोंडीही शोभली असती. परंतु बेटावरील जमिनींवर राजाचा हक्क किती आणि खातेदारांचा किती, हा तंटा मिटवताना त्याने कोणत्याही सिद्धांताचा आधार घेतला नाही. १६७२ मध्ये खातेदारांशी बोलणी झाली, १६७४ मध्ये ती पक्की झाली: रयतेने सालीना २०,००० झेराफिन (आपल्या अशरफीचेच हे पोर्तुगीज रूप) भरावे आणि कंपनीने त्यांच्या वहिवाटीस हात लावू नये. ‘पेन्शन अँड टॅक्स’ म्हणतात तो याच तडजोडीचा वंशज. यात औदार्य शोधू नये. माड, भातखाचरे आणि मिठागरे ज्यांच्या हाती, त्यांना दुखवून बेट पोसणे शक्य नव्हते.

धर्माच्या बाबतीतही गरजेने असेच शहाणपण शिकवले. मॅसॅच्युसेट्समध्ये मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता होता, आणि १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर पंथाच्या बाईस बोस्टनने फाशी दिले. १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारख या बनियास मुंबईत बोलावताना आंजियरच्या कंपनीने लेखी कबूल केले की, त्याच्या आवारात कोणी जनावर मारणार नाही. अर्थात या सहिष्णुतेलाही मर्यादा होती. सिद्दी याकूतखानाच्या मुंबईवरील स्वारीत त्यास साह्य केल्याचा आळ येऊन जेझुइटांच्या जमिनी गेल्या, आणि पुढे परळचे त्यांचे स्थान गव्हर्नरांचे निवासस्थान झाले.

प्युरिटनांचे खरेखुरे वंशज मुंबईस पोहोचले ते फेब्रुवारी १८१३ मध्ये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी त्याच काँग्रिगेशनल परंपरेतले; हॉल तर मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन याने त्यांना चालते होण्याचा हुकूम दिला, म्हणजे एकाच जहागिरीच्या एका गावकऱ्याने दुसऱ्याला वेशीबाहेर काढू पाहिले. अर्जविनंत्या करीत ते राहिले. जमीन मागितली नाही. मराठी शिकले. त्यांच्या मिशनने छापखाना घातला, १८१७ पासून मराठी पुस्तिका छापल्या आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. हॉल १८२६ साली नाशकाकडच्या प्रवासात पटकीने वारला.

त्या छापखान्याचे काम पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या एका भंडाऱ्याने स्वतःच्या हिकमतीने लाकडी यंत्र बनवले, दगड घासले, शाई घोटली. १६५९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी सणवार ही धर्मबाह्य चाल ठरवून नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड लावला होता. त्यांच्या पणतवंडांच्या यंत्राकडे पाहून शिकलेल्या गणपत कृष्णाजीने १८३१ मध्ये काढले ते मराठीतील पहिले छापील पंचांग. एकादश्या, संकष्ट्या, नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन यांच्या तिथींसह.