मेंदूतील मंद-द्रुत लयींच्या मेळावर स्मृतीची भिस्त

ऐकलेला दूरध्वनी क्रमांक फिरवेपर्यंत मनात धरून ठेवणे ही कृती साधी वाटते. मात्र तिच्यामागे मेंदूतील वेगवेगळ्या गतींच्या विद्युत लयींचा मेळ असतो, असे मेंदूविज्ञानातील संशोधन सुचवते.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत तरंगांची पहिली नोंद घेतली. १९२९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हेच तंत्र आज ईईजी म्हणून ओळखले जाते. सेकंदाला सुमारे ४ ते ८ आवर्तनांची लय म्हणजे थीटा, तर ३० हून अधिक आवर्तनांची लय म्हणजे गॅमा.

या लयी एकमेकींपासून अलिप्त नसतात. विलंबित ठेक्याच्या एका मात्रेत तबलावादक अनेक द्रुत बोल बसवतो, त्याप्रमाणे थीटाच्या एका आवर्तनात गॅमाची अनेक आवर्तने सामावतात. जॉन लिस्मन आणि मार्को इडियार्ट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार गॅमाचे प्रत्येक आवर्तन स्मृतीतील एक घटक वाहते आणि थीटा त्यांचा क्रम राखते. एका वेळी सुमारे सातच गोष्टी लक्षात का राहतात, याचे एक संभाव्य उत्तर त्यातून मिळते. २००६ मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून घेतलेल्या नोंदींतही थीटाच्या टप्प्यानुसार द्रुत गॅमाचा जोर कमी-अधिक होताना दिसला. गाढ झोपेतही मंद लहरी द्रुत तरंगांची वेळ साधतात. आठवणी पक्क्या होण्याशी या मेळाचा संबंध जोडला जातो.

यातील एखादी लय क्षीण झाली, तर काय होते? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सुप्रतीम राय आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठांना पडद्यावर पट्ट्यांची चित्रे दाखवून ईईजी नोंदी घेतल्या. सौम्य बौद्धिक ऱ्हास असलेल्या १२ आणि अल्झायमरच्या ५ रुग्णांमध्ये गॅमा लय समवयस्क निरोगी व्यक्तींपेक्षा क्षीण असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले.

रुग्णसंख्या अल्प असल्याने या निष्कर्षाला निदानाची कसोटी म्हणता येणार नाही. तरीही त्याचे महत्त्व मोठे आहे. ईईजीला शस्त्रक्रिया लागत नाही आणि तिची उपकरणे एमआरआय यंत्रापेक्षा स्वस्त व सुटसुटीत असतात. व्यापक अभ्यासांतून ही खूण पक्की ठरल्यास, झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या तहसीलस्थानीही स्मृतिभ्रंशाची चाहूल वेळीच घेता येईल. विसराळूपणाला केवळ वयाचा दोष मानणाऱ्या कुटुंबांसाठी तो मोठा आधार ठरेल.