मिलो, सुकडी आणि मजुरी : अन्नसाहाय्याच्या सुधारणेचा एक विचार

‘अन्नसाहाय्य’ हा शब्द मराठीत अलीकडचा आहे. धान्याच्या देवघेवीचे जे प्रकार मराठी समाजात पूर्वीपासून चालत आले, त्यांची नावे निराळी आहेत आणि त्या नावांमधील भेद चांगले काटेकोर आहेत. बलुते हे कामाच्या मोबदल्यात हक्काने मागावयाचे धान्य. भिक्षा ही सर्वस्वी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून. शिधा म्हणजे न शिजविलेला कोरडा जिन्नस. तो रांधून कसा खावयाचा हे घेणाऱ्याने ठरवावयाचे. खावटी ही पुढील सुगीपर्यंत निभाव लागावा म्हणून घेतलेली उचल. सरकारातून शेतकऱ्यास मिळणारी तगाई ही तर अरबी ‘तकावी’ची मराठी लेक असून तिच्या मुळाशी ‘बळ देणे’ असा अर्थ आहे. (बलुत्याचा हक्क जातीने जखडलेला होता आणि महारकीत त्याचे रूप पुष्कळदा वेठीचेच होते, हे येथे विसरून चालावयाचे नाही.) ‘अन्नसाहाय्य’ या एका शब्दात हे सारे भेद बुजून जातात. दिलेले धान्य हक्काचे की मर्जीचे, फेडावयाचे की न फेडावयाचे, घेणाऱ्यास निवडीची मुभा आहे की नाही, यांपैकी काहीच त्या शब्दावरून कळत नाही. आंतरराष्ट्रीय अन्नसाहाय्याच्या सुधारणेचा गेल्या काही दशकांतील वाद वस्तुतः याच प्रश्नांभोवती फिरत आला आहे.

या प्रश्नांचा उलगडा होण्यास अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील श्रीरामपूरचा परिसर फार उपयोगी पडतो. दौंड–मनमाड लोहमार्गावरील हे गाव प्रवरेच्या पाण्यावर वाढले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी हा टापू बागायती केला. दख्खनमधील असे कालवे काढण्यामागील मूळ कल्पना दुष्काळनिवारणाची होती. पावसाने दगा दिला तर ज्वारी-बाजरीची पिके वाचावीत, हा त्यांचा उद्देश. परंतु ज्या वर्षी पाऊस बरा होई, त्या वर्षी जिरायत शेतकरी कालव्याचे पाणी फारसे मागत नसे, आणि खर्च भरून येण्यासाठी बारमाही मागणी असणारे पीक लागे. ते पीक उसाचे. हरेगाव, टिळकनगर येथे साखर कारखाने उभे राहिले आणि श्रीरामपूरची बाजारपेठ भरभराटीस आली. त्याच जिल्ह्यातील पारनेर, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांच्या वाट्यास मात्र आकाशाकडे पाहणेच उरले. दुष्काळासाठी खोदलेल्या कालव्याच्या काठी साखर आणि काही कोसांवर दुष्काळ, असे हे चित्र आहे.

१९७२ साली हा विरोध उघडा पडला. लागोपाठच्या अवर्षणांनंतर त्या वर्षी पावसाने पूर्ण पाठ फिरविली. महाराष्ट्राचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली आले आणि अहमदनगर जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या भागांत गणला गेला. बागायती पट्ट्यात आणि बाजारपेठेत अन्न मुळीच नव्हते असे नाही. जिरायत गावातील शेतमजुराजवळ ते विकत घेण्याचे साधन उरले नव्हते, कारण पीक बुडाले की त्याची मजुरीही बुडते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये उपासमारीची जी मीमांसा मांडली, तिचे सार हेच आहे : धान्य असणे ही एक गोष्ट आणि ते मिळविण्याचा अधिकार माणसाच्या हाती असणे ही दुसरी. पहिली पुरी झाली तरी दुसरी आपोआप होत नाही.

आंतरराष्ट्रीय अन्नसाहाय्याची जुनी पद्धती केवळ पहिल्या गोष्टीचा विचार करणारी होती, आणि तोही दात्याच्या कोठारापासून आरंभ करून. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी जुलै १९५४ मध्ये केलेला ‘पब्लिक लॉ ४८०’ हा कायदा मुळात शेतमालाच्या व्यापाराचा होता. हमीभावामुळे तेथील सरकारच्या गुदामांत साचलेल्या धान्यास वाट करून देणे, हा त्याचा एक प्रकट हेतू होता. भारताने या कायद्याखाली पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये केला. मे १९६० मध्ये तत्कालीन अन्नमंत्री स. का. पाटील यांनी १ कोटी ६० लक्ष टन गहू व १० लक्ष टन तांदूळ यांचा मोठा करार केला. किंमत रुपयांत द्यावयाची असल्यामुळे परकीय चलनाची चिंता टळली. परंतु १९६५ व १९६६ च्या अवर्षणात या सोयीची खरी किंमत कळून आली. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ते एकदम न देता थोडे थोडे, भारताच्या कृषिनीतीकडे व परराष्ट्रधोरणाकडे नजर ठेवून, सोडावयाचे असे ठरविले. स्वस्त आयातीने देशी शेतकऱ्याचे भाव पडले का, हा प्रश्नही तेव्हाच उपस्थित झाला. पुण्याच्या गोखले संस्थेतील नीळकंठ रथ व पटवर्धन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साहाय्याच्या आर्थिक परिणामांची तपशीलवार छाननी केली आहे.

सामान्य माणसाने या व्यवहारावर आपले भाष्य शब्दांतून नोंदविले. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी ‘मिलो’ या नावाने मराठीत शिरली. त्या देशात हे धान्य मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यात जाते. येथे ते भाकरीसाठी आले. पांढऱ्या शाळू-ज्वारीच्या भाकरीस सरावलेल्या माणसांनी ते नाखुशीनेच खाल्ले, आणि जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘मिलो खाऊन दिवस काढले’ हे वाक्य पोषणापेक्षा नामुष्कीचाच अर्थ घेऊन येते. गाजर गवतास ‘काँग्रेस’ हे नाव पडले त्यामागेही अशीच लोकसमजूत आहे की, ते अमेरिकी गव्हातून आले. हे गवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास आढळले आणि वर सांगितलेला पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. तेव्हा त्या कराराच्या माथी दोष मारणे कालदृष्ट्या अवघड आहे. १९५१ च्या गहूकर्जापासून अमेरिकी गहू येत होता, हे मात्र खरे.

१९७२–७३ मध्ये महाराष्ट्र शासनाने जो मुख्य उपाय योजिला, तो धान्यवाटपाचा नव्हता. मागेल त्यास दुष्काळी काम, आणि कामाचे दाम रोख. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडणे या कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात ५० लाखांच्या जवळपास माणसे होती. केंद्राकडून येणारे धान्य अपुरे पडत असतानाही मजुराच्या हाती पैसा असल्यामुळे इतर प्रांतांतील धान्य, आंतरप्रांतीय बंदी असूनही, महाराष्ट्राकडे ओढले गेले, असा निष्कर्ष ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाच्या अभ्यासातून काढला आहे. धान्यास गिऱ्हाइकाची वाट सापडते, गिऱ्हाइकाजवळ दाम हवे, एवढाच त्याचा अर्थ. या पद्धतीचे दोष लहान नव्हते. मजुरी तुटपुंजी असे, वाटप लांबे, मस्टरवर खोटी नावे चढत, आणि खडीच्या ढिगाखेरीज काही न उरणारी कामेही निघाली. म्हातारी, आजारी, तान्ही मुले यांना खडी फोडता येत नाही. त्यांच्यासाठी सुकडी होती. पीठ व गूळ यांचा तो पौष्टिक खाऊ दुष्काळी मुलखाच्या स्मरणात मिलोहून कितीतरी अधिक आपुलकीने राहिला आहे. यावरून शिजविलेले वा तयार अन्न देणे सर्वथा त्याज्य ठरत नाही. ते कोणास व केव्हा द्यावे, एवढाच विवेक हवा.

जागतिक पातळीवरील सुधारणा या विवेकाकडे फार सावकाश वळली. युरोपीय संघाने १९९६ पासून गरजू देशात किंवा त्याच्या शेजारी धान्य खरेदी करण्यास वाव दिला. कॅनडाने २००८ मध्ये आपलेच धान्य देण्याची अट संपूर्ण काढून टाकली. अमेरिकेत मात्र धान्य तेथलेच हवे आणि त्याचा ठराविक हिस्सा तेथल्याच जहाजांतून गेला पाहिजे, असा दंडक टिकला. हा हिस्सा १९८५ च्या कायद्याने ७५ टक्के केला गेला आणि २०१२ मध्ये ५० टक्क्यांवर आला. साहाय्याच्या रकमेपैकी चौथा भाग परदेशी खरेदीसाठी मोकळा करावा, ही २००५ मधील सूचना त्या देशाच्या विधिमंडळाने फेटाळली. २०१३ मधील अधिक व्यापक योजनेचीही तीच गत झाली. शेतकरी, जहाजमालक आणि साहाय्यसंस्था यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले असल्याचा हा परिणाम. संस्थांची अडचण अशी की, मिळालेले धान्य गरीब देशाच्या बाजारात विकून त्या पैशांवर आपली कामे चालविण्याची प्रथा पडली होती. ज्या शेतकऱ्यास सावरावयाचे त्याचाच भाव या विक्रीने पडतो, हे ओळखून ‘केअर’ने २००७ मध्ये मोठ्या उत्पन्नावर पाणी सोडून ही प्रथा बंद करण्याचे जाहीर केले. २०१२ च्या अन्नसाहाय्य करारात रोख रक्कम व कुपने यांनाही साहाय्याचा दर्जा मिळाला.

रोख रक्कम हा सर्वांवर उतारा नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये सूदानमधील झमझम छावणीत आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा प्रश्न बाजाराचा नव्हता. अन्न आत जाऊ देण्याचा होता. वेढ्यात अडकलेल्या माणसास नोटा देऊन भागत नाही.

तथापि सर्वांत कच्चा दुवा निराळाच आहे. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची विदेश-साहाय्य संस्था ‘यूएसएआयडी’ बंद झाली, तेव्हा ज्यांचे शिधे थांबले त्यांना दाद मागण्यास कोणतेही स्थान नव्हते. २०१२ च्या करारातही किती द्यावयाचे हे प्रत्येक दाता आपल्यापुरते ठरवितो, आणि भुकेला मनुष्य त्या करारात पक्षकार नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने आकारास आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, तेव्हा पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. भत्ता दिवसास एक रुपया, म्हणजे नाममात्रच, आणि तो पदरात पडणे दुर्मिळ. पण तो मागता येत होता.