काख ते काख वीस इंच

फोनवर कुर्ता शोधायला बसलं की दोन प्रकारची पानं समोर येतात. पहिल्या पानावर कुर्ता नवा कोरा असतो, मॉडेल हसत असते, खोडलेल्या किमतीशेजारी विक्रीची किंमत असते आणि खाली लिहिलेलं असतं: एल साइज, कॉटन ब्लेंड, रेग्युलर फिट. दुसऱ्या पानावरचा कुर्ता कुणीतरी आधी वापरलेला असतो. पलंगावर पसरून खिडकीच्या उजेडात काढलेला फोटो आणि त्याखाली: काख ते काख 20 इंच, खांद्यापासून उंची 44, बाही 17, चार-पाच वेळा घातलाय, डाव्या काखेत अर्धा इंच उसवलंय, त्याचा फोटो शेवटी दिलाय.

कपडा घेणाऱ्याला दुसरं पान कितीतरी जास्त सांगतं. जुन्या कपड्यांच्या या लहानशा बाजारात जी माहिती न मागता मिळते, ती नव्या कपड्यांच्या अवाढव्य बाजाराकडे आपण हक्कानं मागायला हवी, आणि ती मिळेपर्यंत नवा कपडाही जुना असल्यासारखा पारखून घ्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

लक्ष्मी रोडवर किंवा दादरला दुकानदार गादीवर कापड उलगडतो. आपण ते चिमटीत धरतो, दारापाशी नेऊन उन्हात रंग बघतो. फोनवर पोत हाताला लागत नाही. या अडचणीवर ऑनलाइन बाजारानं तोडगा काढला तो परतीचा: आवडलं नाही तर परत करा. माहिती वाढवण्याची गरज मग उरली नाही.

हा बाजार उभा कसा राहिला ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत 1995 साली सुरू झालेली ईबे ही मुळात लोकांनी आपल्याकडच्या वस्तू एकमेकांना विकण्याची जागा होती. आपल्याकडे त्याच धर्तीवर मुंबईत निघालेली बाझी डॉट कॉम 2004 मध्ये ईबेनं विकत घेतली. 2010 मध्ये फ्लिपकार्टनं माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय केली आणि लोकांची भीड चेपली. 2007 मध्ये भेटवस्तूंपासून सुरुवात केलेली मिंत्रा कपड्यांकडे वळली, 2014 मध्ये ती फ्लिपकार्टकडे गेली. 2015 मध्ये निघालेल्या मीशोनं व्हॉट्सॲपच्या गटांवर घरबसल्या साड्या-कुर्ते विकणाऱ्या बायकांना माल पुरवला. सुरतेची साडी आणि तिरुपूरचा टी-शर्ट मधल्या दुकानाला वळसा घालून परभणी-गडचिरोलीच्या घरात पोचू लागले.

फसगत सगळ्यात जास्त होते ती मापात. एल म्हणजे नेमकं किती, याचं सर्व कंपन्यांना बांधून ठेवणारं एक माप आपल्याकडे नाही. पुष्कळ कंपन्यांचे तक्ते परदेशी शरीरांवर बेतलेले आहेत. म्हणूनच राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं, म्हणजे निफ्टनं, ‘इंडियासाइझ’ हा प्रकल्प हाती घेतला. वेगवेगळ्या भागांतल्या 25 हजार स्त्री-पुरुषांची शरीरं थ्रीडी स्कॅनरनं मोजायची आणि त्यावरून भारतीय मापांचा तक्ता करायचा, अशी ती योजना.

तोवर आपला उपाय घरातच आहे. अंगाला छान बसणारा एक कुर्ता सपाट पसरायचा, बटणं लावायची, सुरकुत्या हातानं सारख्या करायच्या आणि टेपनं एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजायचं. 20 इंच भरले तर कुर्त्याची छाती 40. मग खांदा, बाही, उंची आणि कमरेचा घेर. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवायचे. खरेदीच्या वेळी तक्ता बघताना एक गोष्ट नीट वाचायची: दिलेलं माप शरीराचं आहे की कपड्याचं? छाती 38 असणाऱ्या बाईला 38 चा न ताणणारा कुर्ता हात वर करताच काचेल. त्यात तीन-चार इंच सैलपणा हवाच. होजिअरीच्या कापडाला ताण असतो, तिथे कमी चालतो. रेयॉन पहिल्या धुण्यात आटू शकतं, तिथे उंचीला जरा झुकतं माप घ्यायचं. मॉडेलची उंची दिली असेल तर तीही बघायची. पाच फूट आठ इंचांच्या मुलीच्या गुडघ्यापर्यंत येणारा कुर्ता पाच फुटांच्या बाईच्या पोटऱ्यांपर्यंत येतो.

शिंप्याकडे शिवलेल्या कपड्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे माया. बाजूच्या शिवणीत आत एक-दीड इंच कापड राखलेलं असतं, अंग भरलं की शिवण उसवून कपडा सोडता येतो. स्वस्त तयार कपड्यात ओव्हरलॉक मारून शिवणीलगतचं कापड कापून टाकलेलं असतं. म्हणजे एल घट्ट झाला तर अल्टरवाल्याकडेही इलाज नाही. उलट मोठा घेतला तर आत घेता येतो. दोन मापांत मन अडकलं की वरचं निवडावं, याचं कारण हे आहे.

हे आकडे विक्रेत्याकडे नसतात, असं नाही. कारखान्यात माल शिवायला देताना प्रत्येक साइजच्या कपड्याच्या मापांचा कागद सोबत असतो. त्यावर छाती, खांदा, मुंढा, बाही सगळं इंचांत असतं. तोच कागद पानावर डकवायला काय हरकत आहे? एक गृहिणी तिच्या एकाच जुन्या कुर्त्यासाठी जे करते, ते हजारो नग विकणाऱ्याला सहज करता यायला हवं.

कापडाच्या बाबतीत तर शब्दांची नुसती धूळफेक चालते. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम. ‘कॉटन ब्लेंड’मध्ये सूत किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर ते नगण्य आहे असंच मी धरून चालते. ‘सॉफ्ट सिल्क’, ‘पॉली सिल्क’ या नावांच्या हजार रुपयांच्या आतल्या साडीत रेशमाची अपेक्षा ठेवू नये. टी-शर्ट घेताना जीएसएम हा आकडा उपयोगी पडतो. एक चौरस मीटर कापडाचं ते ग्रॅममधलं वजन. 180 च्या आसपासचा टी-शर्ट रोजच्या वापराला चांगला. 140 च्या खालचा पांढरा टी-शर्ट बहुधा आरपार दिसतो. 220 च्या पुढचा जाड, पण तो आपल्या मे महिन्यात नको. आणि किंमत बघताना आता कराची पायरीही लक्षात घ्यायची: 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावरच्या किमतीला 18.

वापरलेले कपडे घ्यायला आपल्याकडे अजून अनेकांचं मन धजत नाही, आणि तरीही आपली घरं जुन्या कपड्यांवरच वाढली आहेत. आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी, जुनेरांची गोधडी, थोरल्या भावाची पँट धाकट्याला. अनेक घरांत बाळाला बारशापर्यंत मुद्दाम वापरलेलं झबलंच घालतात. आणि दारावर बोहारीण यायची. भांडी देऊन कपडे नेणाऱ्या या बायकांमध्ये गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या बऱ्याच जणी. तिची पारख मी जवळून पाहिली आहे. साडी हातात आली की ती आधी उजेडासमोर धरायची, घडीच्या रेषेवर अंगठा फिरवायची, पँटचा गुडघा आणि बैठक ताणून बघायची, शर्टाची कॉलर उलटायची. जरीचे काठ काळवंडलेले असले तरी तिला चालायचे, कारण जुन्या खऱ्या जरीतून चांदी निघते हे ती जाणून असायची. मग एक टोप की टोप आणि झाकण, याची घासाघीस. वापरलेला कपडा कुठे बघायचा, याचे धडे तिच्याकडून घ्यावेत.

युरोपात या व्यवहाराला नवं रूप आलं ते 2008 मध्ये, लिथुआनियातल्या विल्नियस शहरात. मिल्डा मित्कुते हिला घर बदलताना कपडे फार झाल्याचं जाणवलं आणि त्यातून ‘व्हिंटेड’ उभी राहिली. अमेरिकेतली पॉशमार्क 2021 मध्ये भारतात आली, पण 2023 मध्ये तिनं इथला कारभार आवरता घेतला. आपल्याकडे हा बाजार खरा रुजला तो इन्स्टाग्रामवर, विशेषतः टाळेबंदीनंतर. ईशान्य भारतातल्या मुलींनी चालवलेली पानं त्यात ठळक दिसतात. ठरलेल्या वेळी ‘ड्रॉप’ जाहीर होतो, पहिली जी ‘बुक’ लिहील तिचा कपडा.

सगळेच कपडे कुणाच्या कपाटातून येत नाहीत. परदेशातल्या वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत. कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ते निवडून बहुतांशी पुन्हा बाहेर धाडले जातात, आणि कापून चिंध्या केलेला माल पानिपतला जाऊन त्याचं सूत आणि घोंगड्या होतात. तरी काही गठ्ठे देशी बाजारात झिरपतात. म्हणून विकणारीला सरळ विचारावं: कपडा तुमचा की गठ्ठ्यातला? गठ्ठ्यातला असला म्हणून नाकारायचं कारण नाही. गरम पाण्यात धुवावा, दोन दिवस कडक उन्हात टाकावा.

जुनी पैठणी घेताना मात्र घाई करू नये. उलट्या बाजूचा फोटो मागावा. हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ मागूनही जवळजवळ पुढच्यासारखेच दिसतात, कारण नक्षीचे धागे एकमेकांत अडकवत विणलेले असतात. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. दुसरा फोटो घडीचा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या रेषेवर विरतं आणि नेसताना फाटतं. येवल्याच्या विणकराचे कष्ट ज्यात आहेत, ती साडी जपून दुसऱ्या घरी जावी असं मला मनापासून वाटतं. यंत्रमागाची साडी तिच्या नावावर खपवणं मला चोरीच वाटते.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट कोरून ठेवावी: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. तुमचा लेहेंगा घ्यायला निघालेला गिऱ्हाईक ‘पैसे मिळायला हा कोड स्कॅन करा’ म्हणाला, की फोन ठेवावा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. पार्सल फोडताना व्हिडिओ काढावा, त्यात पाकिटावरचा पत्ता दिसला पाहिजे.

नव्या मालासाठी कायद्याचा आधार बराच आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि मालाचा मूळ देश ग्राहकाला कळला पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात झालं पाहिजे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणं 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनी चुकीचं ठरवलं आहे. पण एखादीनं आपल्या कपाटातला कपडा सहज विकला, तर हे ई-कॉमर्स नियम तिला लागू होत नाहीत. तिथे आधी विचारलेले प्रश्न हेच आपलं संरक्षण.

परतीची सोय फुकट वाटते, तिचा भार मात्र कुणीतरी उचलतच असतं. इचलकरंजी-उल्हासनगरचा लहान विक्रेता परत आलेल्या पार्सलांना ‘आरटीओ’ म्हणतो आणि महिनाअखेरीला त्यांचाच हिशेब मांडून बसतो. लग्नात एकदा मिरवून, टॅग तसाच ठेवून परत पाठवलेला ड्रेस त्याच्याकडे पावडरच्या वासासह येतो. हे करू नये. तो ड्रेस एकदाच घालायचा असेल तर भाड्यानं घ्यावा, नाहीतर नंतर उघडपणे वापरलेला म्हणून विकावा.

विकायचाच, तर धुऊन, इस्त्री करून, दिवसाच्या उजेडात फोटो काढावेत. डाग असेल तर त्याच्याशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवावं, म्हणजे आकार कळतो. सुती साडी, कुर्ते कुरिअरनं कुठेही जातात, वजन कमी भरतं. शालू आणि लेहेंगा मात्र शक्यतो आपल्याच शहरात विकावा. वजनामुळे पाठवणं महाग पडतं, आणि घेणारी घरी आली तर तिला घालून बघता येतो, ब्लाउज उलटा करून माया किती आहे तेही दाखवता येतं.