व्हिएन्नातील एक रात्र

प्रेमकथेवरील चित्रपट म्हटला की काही गोष्टी आपण गृहीतच धरतो. घरच्यांचा विरोध, श्रीमंती-गरिबीचा भेद, मध्येच उद्भवणारा गैरसमज आणि शेवटी मिलन किंवा ताटातूट. १९९५ साली प्रदर्शित झालेल्या ‘बिफोर सनराइज’ या इंग्रजी चित्रपटात यांपैकी जवळजवळ काहीच नाही. ‘सूर्योदयापूर्वी’ असा या नावाचा अर्थ. दोन तरुण माणसे एका परक्या, जुन्या शहरात रात्रभर हिंडतात आणि बोलतात, एवढेच त्याचे कथानक आहे. एवढ्याशा सामग्रीवर शंभर मिनिटांचा चित्रपट कसा उभा राहतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

जेसी हा अमेरिकन तरुण युरोपात आला आहे तो प्रेयसीला भेटण्यासाठी. पण ते नाते तुटले आहे. सेलीन ही फ्रेंच विद्यार्थिनी बुडापेस्टला आजीला भेटून पॅरिसला परतते आहे. आगगाडीत शेजारच्या बाकांवर एक जोडपे कडाक्याने भांडू लागते, म्हणून सेलीन जागा बदलते आणि जेसीसमोरच्या बाकापाशी येते. गप्पा सुरू होतात. व्हिएन्ना येते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे विमान तेथूनच सुटणार असते. तो तिला आपल्याबरोबर उतरण्याची विनंती करतो. त्यासाठी त्याने केलेला युक्तिवाद मोठा गमतीचा आहे. आणखी दहा-वीस वर्षांनी तुझे लग्न झालेले असेल, संसार कंटाळवाणा वाटू लागेल, आणि आयुष्यात भेटलेल्या इतर पुरुषांची तुला आठवण येईल. त्यांपैकीच मी एक आहे असे समज, आणि आपण काही फार गमावलेले नाही याची आजच खात्री करून घे! सेलीन हसते आणि सामान उचलते.

हॉटेलात खोली घेण्याइतके पैसे जेसीजवळ नाहीत. म्हणून दोघे चालत राहतात. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पैशांची चणचण नायकाला आहे, तशीच ती निर्मात्यांनाही होती. या चित्रपटाचा खर्च सुमारे २५ लाख डॉलर होता. आपल्याला हा आकडा मोठा वाटेल. परंतु १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’साठी ६ कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला होता, हे पाहिले म्हणजे प्रमाण कळते. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर यांना काटकसरीची सवय होती. त्यांचा ‘स्लॅकर’ हा आधीचा चित्रपट सुमारे २३ हजार डॉलरांत तयार झाला होता. कमी पैशांत काम करणाऱ्याने कथाच अशी निवडावी की खर्चाची गरज भासू नये, हे व्यावहारिक शहाणपण येथे दिसते. एका रात्रीची गोष्ट असल्याने पात्रांना कपड्यांचा एकच जोड पुरतो. मुख्य पात्रे दोनच. रस्ते, पूल आणि उद्याने आयती मिळतात. ग्रीक नाट्यविचारातून पुढे आलेली स्थल, काल आणि कृती यांच्या ऐक्याची कल्पना साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. ते ऐक्य येथे पाळले गेले आहे, आणि ते खिशालाही परवडले आहे.

व्हिएन्ना ही हॅब्सबर्ग सम्राटांची राजधानी. मोझार्ट आणि बीथोव्हन यांची ही कर्मभूमी. शहराच्या ऐतिहासिक मध्यभागाला २००१ साली युनेस्कोने जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. असे शहर हाती आल्यावर पर्यटन खात्याच्या माहितीपटासारखी दृश्ये घेण्याचा मोह होतो. लिंकलेटर यांनी तो बराचसा टाळला. राजवाड्यांपेक्षा ट्राम, कॉफीगृह, कालव्याचा काठ यांवर त्यांचा भर आहे. प्राटर उद्यानातला १८९७ सालचा, सुमारे ६५ मीटर उंचीचा आकाशपाळणा मात्र दिसतो, आणि तोही योग्य कारणाने. त्याच्या पाळण्यात संध्याकाळच्या उजेडात दोघांचे पहिले चुंबन होते.

याहून वेगळी जागा म्हणजे ‘अनामिकांचे स्मशान’. डॅन्यूब नदीत बुडून वाहत आलेली, ओळख न पटलेली प्रेते येथे पुरली जात. सेलीन लहानपणी येथे येऊन गेलेली असते. तेरा वर्षांच्या एका मुलीची कबर तिला तेव्हा फार लागून राहिली होती, कारण ती स्वतः त्या वेळी त्याच वयाची होती. आता ती मोठी झाली आहे. कबरीतली मुलगी मात्र तेरा वर्षांचीच आहे. सुट्टीतल्या प्रेमाच्या कथेत हे स्मशान कशासाठी, असे कोणी विचारील. माझ्या मते चित्रपटाचा गाभा येथेच आहे. हाती असलेला वेळ मोजका आहे, ही जाणीव यानंतर प्रत्येक वाक्यामागे राहते.

संवाद नसलेला एक प्रसंगही पाहण्याजोगा आहे. ध्वनिमुद्रिकांच्या दुकानातील ऐकण्याच्या चिंचोळ्या खोलीत दोघे दाटीने उभे असतात. गाणे सुरू होते. तो तिच्याकडे पाहतो तेव्हा ती नजर वळवते. ती पाहते तेव्हा तो. कॅमेरा हलत नाही, मध्ये दृश्य तोडले जात नाही. एरवी अखंड बोलणारी ही माणसे येथे गप्प आहेत, आणि हा संकोच त्यांच्या सगळ्या बोलण्याहून अधिक सांगून जातो.

पटकथेवर लिंकलेटर आणि किम क्रिझन यांची नावे आहेत. परंतु ईथन हॉक आणि ज्युली डेल्पी या प्रमुख नटांनीही तालमींच्या वेळी संवादांना आकार दिला होता. त्यांना लेखनाचे श्रेय मिळाले ते ‘बिफोर सनसेट’ या २००४ सालच्या पुढील भागात. हे श्रेय आधीच मिळायला हवे होते. पहिल्या भागासाठी लिंकलेटर यांना १९९५ च्या बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. दोन माणसे एका शहरात हिंडत एक दिवस काढतात हा घाट मराठी प्रेक्षकांनी पुढे ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) पाहिला, तेथे शहर पुणे आहे आणि गप्पांना विनोदाचा सूर आहे.

सकाळी स्थानकावर निरोप घेताना दोघे पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक देत नाहीत. सहा महिन्यांनी याच फलाटावर भेटायचे, एवढेच ठरते. मग कॅमेरा रात्रीच्या एकेका जागेवरून फिरतो. पूल, कॉफीगृहाजवळचा चौक, उद्यानातले गवत, त्यावर पडलेली मद्याची रिकामी बाटली. सगळे तेच आहे, फक्त ती दोघे नाहीत.

या कथेला खऱ्या प्रसंगाचा आधार आहे. १९८९ साली फिलाडेल्फिया शहरात लिंकलेटर यांना खेळण्यांच्या दुकानात एक तरुणी भेटली आणि दोघांनी रात्रभर गप्पा मारत शहर पालथे घातले. पुढे संपर्क तुटला. चित्रपट पाहून ती कधीतरी समोर येईल, अशी त्यांची आशा होती. वस्तुतः चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच, १९९४ साली, तिचा वाहन अपघातात मृत्यू झाला होता. हे त्यांना समजले तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. २०१३ सालचा ‘बिफोर मिडनाइट’ हा तिसरा भाग त्यांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला आहे.